चौदा घरांचा पंच

आमच्या गावच्या पाळी समितीत चौदा घरांचा एक पंच असायचा. ती जागा मी घालवली. चुकून घालवली नाही, कागदावर हिशोब मांडून घालवली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्यासाठी केलं त्या थोरल्या भावालाही पुरतं नाही. दादाला एवढंच माहीत आहे की धाकट्यानं रीत बदलायचं सुचवलं, एकदा सभेत तोंड उघडलं आणि आपलं काम झालं.

मी कोल्हापुरात एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. चोवीस वर्षं झाली. गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. शनिवार-रविवार तिकडं जातो. मी बोलका माणूस नाही. वर्गात बोलतो ते पगारापुरतं. घरी आणि गावात मी ऐकून घेणारा म्हणून ओळखला जातो. कमी बोलणारा माणूस भला असतो, असं लोक धरून चालतात. त्यांच्या या समजुतीवर मी बरीच वर्षं काढली आहेत.

नदीचं पाणी उपसून शेतांना देणारी आमची संस्था आहे. तिची कागदोपत्री निवडणूक सरकारी रीतीनं होते, तिच्याशी इथं संबंध नाही. पण कुणाच्या शेतात कोणत्या दिवशी पाणी जायचं, हे ठरवते पाळी समिती, आणि ती गावाची. तिची नोंद कुठल्या कचेरीत नाही. पाईपलाईन पडली तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी ती बसवली. सात पंच, दर तीन वर्षांनी निवड. निवडीची रीतही त्यांचीच.

शाळेच्या एका खोलीत उमेदवारांची मडकी मांडायची. प्रत्येक मडक्याच्या तोंडाला फडकं, फडक्याला भोक. मडक्याच्या गळ्यात ज्याची त्याची खूण बांधायची. कुणाचा विळा, कुणाची घुंगुरमाळ, कुणाची तांब्याची तार. पाण्यात वाटा असलेल्या प्रत्येक घराला सात चिंचोके मिळायचे. घरातल्या एकानं एकट्यानं आत जायचं आणि ते मनाला येईल तसे टाकायचे. सात मडक्यांत एकेक टाका, तिघांत वाटा, नाहीतर सातच्या सात एकाच मडक्यात सोडा. बाहेर येताना दोन्ही हात उघडून दाखवायचे. ज्या सात मडक्यांत चिंचोके जास्त, ते सात पंच. संपलं.

मी एम.ए.ला असताना मतदानाच्या पद्धती शिकलो, तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं की आमच्या म्हाताऱ्यांनी काय करून ठेवलं आहे. एकशे दहा घरं. त्यात बौद्ध वस्तीची चौदा. त्यांची सगळी जमीन पाईपलाईनच्या शेवटाला, ज्याला आम्ही टेल म्हणतो. चौदा घरांनी आपले सगळे चिंचोके एकाच मडक्यात टाकले की अठ्ठ्याण्णव होतात. आणि अठ्ठ्याण्णव चिंचोके ज्याच्या मडक्यात, तो पहिल्या सातात येणारच. बाकी सगळ्या गावानं एकी करून कितीही डोकं चालवलं तरी त्याला बाहेर ठेवता येत नाही. बारा घरं असती तर येतं. चौदा होती म्हणून येत नव्हतं. धनगर वस्तीचं तसंच, नदीकाठच्या मळेकऱ्यांचं तसंच. आमची भावकी मोठी, तिचे दोन यायचे. सात पंचांत पाच गट. एकट्याच्या जिवावर कुणाला काही करता यायचं नाही, म्हणून प्रत्येक बैठकीत भांडण. चहा यायचा, गार व्हायचा, परत यायचा. मी त्या काळाचे गोडवे गात नाही. पण पाणी टेलला जात होतं.

चौदा घरांचा पंच माझा मित्र होता. शाळेत आमचा बाक एक. पुढं मी कॉलेजला कोल्हापूरला गेलो, तो आयटीआयला. आता गावाच्या फाट्यावर त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे आणि टेलला दीड एकर रान. मला नोकरी लागली त्या दिवसापासून तो मला मास्तर म्हणायचा. "पुस्तकातलं तू बघ, मोटरीतलं मी बघतो," हे त्याचं नेहमीचं. तांब्याची तार त्याच्याच मडक्याला बांधलेली असायची.

एका मे महिन्यात दादानं पाळी मोडली. दादाही पंच होता. त्याची पाळी बुधवारी दुपारी संपली, तरी पाणी गुरुवारी दिवस मावळेपर्यंत आमच्याच माळाच्या रानात पडत राहिलं. त्या दीड दिवसात टेलची पाळी होती. रविवारी बैठक भरली. मी सुट्टीवर होतो, कडेला बसलो होतो.

मित्र म्हणाला, "दादा, गुरवारी सांजंपतोर पाण्याची चावी तुमच्याकडंच फिरलेली हुती."

"कुणी बघितली?"

"मी बघितली. चावी बसवली बी मीच हाय. कितीदा फिरवल्यावर कुणाच्या रानात पाणी जातंय, मला कळतंय."

"लई कळाय लागलंय रं तुला."

"तुमची मोटर जळती तवा बोलवतासा की. तवा माझं कळणं चालतंय, आनि आज न्हाय व्हय?"

सगळे हसले. मळेकऱ्यांचा म्हातारा पंच तर मांडीवर थाप मारून हसला. मित्रानं बोलताना माझ्याकडं बघितलं. मीही हसेन अशी त्याची खात्री होती. मी हसलो नाही. पाच पंचांनी हात वर केले आणि दादाची पुढची पाळी कापली.

घरी येताना दादा रस्त्यात दोनदा थांबला. "चौदा घरं," तो म्हणाला. "चौदा घरांचा माणूस माझी पाळी तोडतोय. आनि तू शिकलेला, पोरांस्नी राजकारण शिकीवतोस, बसलाईस बघत."

त्या 'चौदा घरां'च्या मागं काय होतं, मला पूर्ण कळत होतं. त्याच्याविरुद्ध मी वर्गात तास घेतो. दर एप्रिलमध्ये मला जयंतीच्या व्याख्यानाला बोलावतात, शाल देतात, मी घेतो. त्या दिवशी रस्त्यात मी दादाला म्हणू शकलो असतो की तू पाणी चोरलंस. मी म्हणालो, "बघतो."

दादानं मला भरीला घातलं, असं म्हणायची सोय मला आहे. ती मी घेणार नाही. दादाला धमकावणं येतं, हिशोब येत नाही. त्याच्या डोक्यात टेलच्या दोन घरांना फोडायचं होतं. मीच म्हणालो, घरं फोडायला नकोत, रीत बदलली की पुरे. आणि हे म्हणताना मला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं शिकवलेलं प्रथमच कुठंतरी चालणार होतं. शिवाय मित्रानं माझ्याकडं बघून मला त्याच्या बाजूला धरलं, याचाही राग होता. आपला चांगुलपणा कुणी न विचारता गृहीत धरला की माझ्यासारख्या माणसाला राग येतो. हा राग मी इतर वेळी स्वाभिमान म्हणून खपवतो.

रीत बदलायची म्हणजे फार काही नव्हतं. घराला चिंचोके सातच द्यायचे, मडकीही तीच. फक्त एका मडक्यात एका घराचा एकच चिंचोका. दिसायला किती साधं आणि किती न्यायाचं. पण मग चौदा घरांचे त्यांच्या माणसाला जास्तीत जास्त चौदा चिंचोके. आणि ज्या गटाकडं पन्नासेक घरं ठाम, त्यानं आपली सात माणसं उभी केली की सातही मडक्यांत पन्नास-पन्नास. सगळी समिती त्याची. दुसरा गट म्हणावा तर त्यालाही तसंच पन्नास घरांचं गाठोडं बांधावं लागतं. तिसऱ्याला जागाच उरत नाही. तिसरा यातल्या एका गाठोड्यात जातो, नाहीतर घरी बसतो. मी हे दरवर्षी फळ्यावर मांडतो. एका मताच्या आघाडीवर सगळं जिंकता येणारी पद्धत ठेवली की गट दोनावर येतात. ज्याच्या त्याच्या वजनानं जागा देणारी पद्धत ठेवली की चार-पाच गट तग धरतात. परीक्षेत यावर दहा मार्कांचा प्रश्न असतो.

पुढच्या पाडव्यानंतर गावाची सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. दादानं मला बोलायला उभं केलं. मी कधी बोलत नाही, म्हणून सगळे गप्प झाले.

मी म्हणालो, आपण ज्याला निवडणूक म्हणतो त्यात एक घर एकाच माणसाला सात-सात मतं देतं. असं जगात चालतं का? विधानसभेला तुम्ही एका उमेदवाराचं बटण सात वेळा दाबता का? आपल्या राज्यघटनेनं काय दिलं? एक माणूस, एक मत. मग आपल्या मडक्यात एका घराचे सात चिंचोके कसे?

राज्यघटना हा शब्द मी मुद्दाम घेतला. तो कुणाच्या कानात कसा शिरेल, मला ठाऊक होतं. मी बोलत होतो गावाशी, पण माझा डोळा वस्तीच्या लोकांवर होता. ते व्हरांड्याच्या कडेला पायऱ्यांजवळ बसले होते. शब्द आला तसे दोन-तीन जण ताठ झाले.

मळेकऱ्यांचा म्हातारा उठला. "मास्तर, आदी मला सांग. त्येंनी सातच्या सात एका मडक्यात टाकलं तर तुझ्या बाचं काय जातंय? चिंचोकं त्येंचं, हात त्येंचा."

"आजोबा, प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्व म्हंजी?"

"सगळ्यांना एकसारखं."

"आरं, घराला सात म्हंजी एकसारखंच की! वाढायला समद्यांस्नी सात भाकरी. कुणी सात जणांस्नी वाटंल, कुणी एकट्या लेकराला घालंल. तू कोन रं इचारनार?"

त्याचं बरोबर होतं. अख्ख्या सभेत विषय कळलेली माणसं दोनच, तो आणि मी. तो चौथी शिकलेला. मी हसून म्हणालो, "आजोबा, जग पुढं गेलं." लोक हसले. त्या हशाखाली म्हातारा बसला. अजून त्याला लोक 'जग पुढं गेलं' म्हणून चिडवतात, आणि तो मला रस्त्यात दिसला की पलीकडं थुंकतो. थुंकायलाच पाहिजे.

ठराव मांडला दादानं. अनुमोदन कोण देतं, असं त्यानं विचारलं. मग मित्र उठला.

"मास्तर म्हणतोय ते बरोबर असनार," तो म्हणाला. "आमाला काय जास्तीचं नको. घटनेत एक मानूस एक मत हाय, तर इथं बी तसंच पायजे. माझं अनुमोदन हाय."

वस्तीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघितलं. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. मी पाणी मागितलं आणि प्यालो.

पहिल्याच निवडीला दादानं सात उमेदवारांची यादी घरोघर फिरवली. "सात चिंचोकं, सात मडकी, हिकडं तिकडं बघू नका." बाकी गट आपापल्या जुन्या सवयीनं उभे राहिले आणि एकमेकांत वाटले गेले. दादाची सातही मडकी भरली. मित्राच्या मडक्यात एकतीस चिंचोके निघाले. त्याची चौदा घरं, आणि बाहेरची सतरा. आजवर वस्तीबाहेरच्या इतक्या घरांनी त्याला कधी चिंचोका दिला नव्हता. चौदा घरांच्या जोरावर तो चार वेळा पंच झाला आणि एकतीस घरांनी मागितला तेव्हा पडला. लोक त्याच्या पाठीवर थाप मारत होते, "वाढली की रं मतं!" आणि तो खरंच खुश होता. मला म्हणाला, "मास्तर, बघितलंस? सतरा घरं भायेरची! फुडल्या टायमाला नक्की येतोय."

मी म्हणालो, "येशील की."

पुढच्या निवडीला गावात फक्त दोन पॅनेल होती. दादाचं एक, आणि दादाच्या विरोधात बाकी सगळ्यांनी बांधलेलं दुसरं. धनगर वस्ती, मळेकरी, तरणी पोरं, जे जे म्हणून वेगळं होतं ते सगळं यातल्या एकात विरघळलं. विरोधी पॅनेलनं मित्राला जागा कबूल केली. नावं मागं घ्यायच्या दिवशी त्यातल्या दोघांनी त्याला बाजूला घेतलं. त्यातला एक आमच्याच भावकीतला फुटलेला. म्हणाला, "गड्या, राग मानू नगंस. तुझं नाव आसलं की वरच्या आळीची पाच-सात घरं फुटत्यात. एका चिंचोक्यावर पॅनेल जातंय. आमी निवडून आलो म्हंजी तूच आलास की." जुन्या रीतीत वरच्या आळीला तो आवडला काय, नावडला काय, फरक पडत नव्हता. आता पडत होता. त्यानं नाव काढून घेतलं. विरोधी पॅनेल तरीही हरलं.

गावात त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी राजकारण म्हणत नाही. पूर्वी पाच गट होते, आज याच्याशी भांडण तर उद्या त्याच्याशी. कुणाशी कायमचं वैर परवडायचं नाही, कारण पुढच्या बैठकीत त्याचाच हात लागायचा. आता दोनच बाजू. दळायची गिरणी वेगळी, केस कापायचं दुकान वेगळं. लग्नाच्या पत्रिकेवर नावं बघून माणसं आहेर ठरवतात. मोबाईलवर दोन्हीकडचे स्टेटस वाचले तर भाऊ भावाला गाडायला निघालाय असं वाटावं. जत्रेत दोन्ही बाजूंचे डीजे समोरासमोर लागतात. माझे शहरातले सहकारी विचारतात, आपल्याकडं तर इतके पक्ष आहेत, मग दोनाचा नियम कुठं लागू पडतो? त्यांनी आमच्याकडं यावं. झेंडे कितीही रंगांचे असोत, कोल्हापूर जिल्ह्यात कुठल्याही गावात जाऊन विचारा, गट किती? दोन. माणूस झेंडा बदलतो, गट बदलत नाही.

त्या निवडीनंतर मित्र कोल्हापूरला माझ्या फ्लॅटवर आला. मोटरीची तार घ्यायला आलेला, तिथून रिक्षा करून. बायकोनं पोहे केले. त्यानं ते खाल्ले आणि म्हणाला, "मास्तर, टेलला आता वीस-वीस दिवसांनी पाणी येतंय. आदी बारा दिवसांनी यायचं. माझा उसाचा खोडवा वाळाय लागलाय. बाकीच्या घरांचं बी तसंच. पुस्तकात बघ की काय हाय. आमचं कुठं चुकलं?"

तो विचारत होता आणि उत्तर माझ्या टेबलावर होतं. खरंच होतं, दुसऱ्या दिवशीच्या तासाच्या टिपणांची वही उघडी पडलेली, पान तेच. मी ती वही मिटली.

मी म्हणालो, "तुम्ही लोक वेगळे राहता. चौदा घरांचा वेगळा उमेदवार कशाला? मोठ्या पॅनेलमध्ये मिसळा. दादाच्याच पॅनेलमध्ये जा. जिंकणाऱ्याबरोबर राहिलं की पाणी मिळतं."

"म्हंजी चूक आमचीच म्हन."

"चूक म्हणजे... थोडं लवचिक व्हायला पाहिजे."

त्यानं चहा संपवून कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तू म्हनतोस तर करून बघू."

सभेत जे केलं ते रागाच्या भरात, असं एखादा म्हणेल. हे रागात केलेलं नाही. हे पोट भरलेलं असताना, पंख्याखाली बसून केलं. आधी त्याची जागा घेतली होती, आता ती गेल्याचा दोषही त्याच्याच गळ्यात घातला.

त्यानं करून बघितलं. तिसऱ्या निवडीच्या आधी त्यानं वस्तीत बैठक घेतली आणि सांगितलं की यंदा सगळ्यांनी दादाच्या पॅनेलला टाकायचं. त्याचा सख्खा धाकटा भाऊ उठला. "ज्येनं आपलं पानी तोडलं त्येच्या पॅनेलला? त्या मास्तरच्या नादानं तुझं डोस्कं फिरलंय." चौदातली सात घरं इकडं गेली, सात तिकडं. दादा निवडून आला आणि आल्यावर म्हणाला, "सातच घरं दिलीस की. अर्ध्या मतांवर अर्धं पानी." आणि हसला. तो विनोद गावात अजून चालतो.

मित्राचा खोडवा मोडला. दीड एकरात त्यानं कमी पाण्यावरचा शाळू टाकला. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. समाजमंदिरात वंदनेला चौदा घरं बसायची, आता सात एका वेळी आणि सात तासाभरानं. जी चौदा घरं कुणी फोडू शकलं नव्हतं, दादालाही ज्यातली दोनच फोडता आली असती, ती मी सरळ मधोमध चिरली.

मागच्या वर्षी आमची माळावरची मोटर जळाली. मी स्वतः ती गाडीत घालून त्याच्या दुकानात घेऊन गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. तो खाली बसून तार गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "तुमच्या दादांची मोटर मी आता भरत न्हाय. जयसिंगपुरात लई दुकानं हायती. तिकडं न्या."

तुमच्या. न्या. चाळीस वर्षांत तो मला कधी तुम्ही म्हणाला नव्हता.

"थोडं बोलायचं होतं," मी म्हणालो.

"बोला की. कामच करतोय, कान काय झाकलं न्हाईत."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पंखा चालू होता. मी म्हणालो, "पोरगी कशी आहे? अभ्यास बरा चाललाय का?"

"तुमच्याच कॉलेजात हाय की. तुमीच सांगा."

हे खरं होतं. त्याची मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझ्याच वर्गात बसते. राज्यशास्त्र तिनं माझ्यामुळं घेतलं, असं तिच्या आईनं माझ्या बायकोला सांगितलं होतं. मी तिला कधी मुद्दाम नाव घेऊन प्रश्न विचारत नाही. यंदा मतदानाच्या पद्धतींचं प्रकरण आलं तेव्हा मी वर्गाला सांगितलं, हे तुम्ही घरी वाचा, परीक्षेला सहसा येत नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी ते प्रकरण शिकवलं नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला घाबरून.

तिनं ते घरी वाचलं. पुढच्या आठवड्यात तास संपता संपता तिनं हात वर केला.

"सर, एका माणसाला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत असतील, तर लहान गटालाही एक जागा मिळते ना?"

"मिळते. गट ठरावीक संख्येचा असला तर."

"आणि ती पद्धत बदलून एका उमेदवाराला एकच मत केलं, तर ती जागा जाते."

"जाऊ शकते."

"मग सर, ज्यानं ती पद्धत बदलली, त्याला हे आधी माहीत असणार ना?"

मुलं वह्या बंद करत होती. कुणाचं लक्ष नव्हतं. तिचा आवाजही चढलेला नव्हता; परीक्षेपुरती शंका विचारावी तसा.

मी म्हणालो, "असेलच असं नाही. लोक चांगल्या हेतूनंही बदल करतात."

तिनं माझं वाक्य वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि "थँक्यू सर" म्हणून गेली. घरी ती मला काका म्हणते. म्हणायची.

ती आता हे बापाला समजावून सांगेल. कदाचित सांगितलंही असेल. त्यालाही कळेल की मोटरीत नव्हे, पुस्तकात बिघाड करून ठेवला होता आणि तो कुणी केला. त्यानं ते तिच्या तोंडून ऐकावं, याच्याइतकी वाईट गोष्ट मला सुचत नाही, आणि तरी गेले चार रविवार मी गावाला गेलेलो नाही. दिवाळीनंतर पुन्हा निवड आहे. दादाचा फोन येतो, यादी तयार करायला ये. मी पेपर तपासणीचं सांगतो. हेही खोटं आहे. पेपर तपासून झालेत.

कुणी मला समजून घेऊ नये. हे लिहून माझं मन हलकं झालेलं नाही, आणि व्हावं असंही मला वाटत नाही. छापलेलं मित्र वाचेल न वाचेल. वाचलं तरी तेवढ्यानं भागत नाही, कारण हिशोब कागदावर मांडला तरी जे केलं ते माणसांसमोर उभं राहून केलं होतं. पाळी परत देणं माझ्या हातात नाही. दोन भावांना बोलतं करणंही नाही. माझ्या हातात आहे ते एवढंच: शाळेच्या व्हरांड्यात, दादा समोर बसलेला असताना उभं राहायचं आणि मित्राला नाव घेऊन सांगायचं की रीत बदलली तर तुझी जागा जाईल हे मला आधीपासून माहीत होतं, घटनेचं नाव मी तुला फसवायला घेतलं, आणि माझ्या घरी पोहे खाताना तुला जे सांगितलं ते खोटं होतं, चूक तुमची नव्हती.

हे मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.